एकसष्टची गजाल

पडवीत भिंतीवर एक पेटी आणि तिच्या खाली जमिनीवर दुसरी. वरचा इन्व्हर्टर, खालची बॅटरी. मध्ये अंतर तीन फूट. या तीन फुटांत दोघांनी आपसांत बोलायला लागावं एवढ्यासाठी मी गावी, आचऱ्यात, पाच महिने काढले. प्रत्येक खटाटोपाच्या शेवटी इन्व्हर्टरच्या पडद्यावर एकच आकडा लुकलुकायचा, ६१. पुस्तिकेतला त्याचा अर्थ ‘बॅटरीशी संपर्क नाही’. माझं वयही तेव्हा नेमकं ६१. तो आकडा पहिल्यांदा उमटला तेव्हा काकी पडद्याकडे टक लावून बघत म्हणाली, ‘‘ह्येका तुझा वय कोणी सांगल्यान रे?’’

हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. पण मी टेलिफोन खात्यातला माणूस. १९८६ साली चिकटलो आणि ३४ वर्षं मुंबईकरांना एकमेकांशी बोलायला लावून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पावसाने भरलेल्या खड्ड्यात उतरून शेकडो जोड्यांच्या केबलमधून नेमकी मेलेली जोडी हुडकून काढायची, हे माझं पोटापाण्याचं काम. गावी कायमचा आल्यावर ही बढाई मी तिठ्यावर, देवळात, सलूनच्या बाकावर, ऐकणारा मिळेल तिथे मारून ठेवली होती. त्यामुळे माझ्याच पडवीतल्या दोन पेट्या मुक्या असल्याची बातमी गावभर व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तिठ्यावरचा रिक्षावाला मला बघितलं की ब्रेक मारून विचारायचा, ‘‘काय ओ, लागलो काय कॉल?’’

याचं मूळ तौक्ते वादळात आहे. मे २०२१ मध्ये ते किनारा घासून वर गेलं तेव्हा मी मुंबईत होतो. इकडे माड आडवे, आंबे आडवे, विजेचे खांब आडवे आणि कित्येक दिवस लाईटचा पत्ता नाही. काकीशी फोनवर बोलत होतो, ती ‘‘बरा आसा, काळजी करू नको’’ म्हणता म्हणता बंद पडली. म्हणजे तिचा मोबाईल बंद पडला, पण पुढचे दोन दिवस मला तो फरक कळायला मार्ग नव्हता. तेव्हाच मनाशी गाठ मारली की गावी राहायला गेलो की वीज आपली आपण करायची.

सोलरवाला मुलगा कणकवलीहून आला. त्याने आधी सरकारी हिशेब मांडला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, एकूण अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान. मी खूश. मग सहज विचारलं, ‘‘म्हणजे बाहेरची लाईट गेली तरी आपली चालू?’’ तो म्हणाला, ‘‘नाही काका, मग आपलीपण जाते.’’ साधी छतावरची यंत्रणा लाईनला जोडलेली असते. लाईन मेली की तिने मुद्दाम बंद व्हायचं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलटी गेलेली वीज धक्का देईल. कारण अगदी पटण्यासारखं. पण छत्री घ्यायची आणि पाऊस आला की ती मिटायची, असली वस्तू घेऊन मी कोकणात काय करू? मग त्याने हायब्रिड इन्व्हर्टर सांगितला. लाईन गेली की तो लाईनपासून तुटतो आणि बॅटरीवर घर चालवतो. बॅटरीला मात्र अनुदान नाही, ती आपल्या खिशातून.

इन्व्हर्टर त्याच्याकडूनच घेतला. बॅटरीही तो देत होता, इन्व्हर्टरशी जुळणारी, मधल्या वायरीसकट. इथे माझ्यातला खात्यातला माणूस जागा झाला. मधल्या वायरीचे वेगळे पैसे? वायरीचे? मला? मी बॅटरी दुसरीकडून, स्वस्तात मागवली. किती वाचले तो आकडा देत नाही, कारण पुढे मल्टिमीटर, चिमटा, डझनभर फुकट गेलेली वायरीची बुडं आणि एक अख्खी सुरमई धरून हिशेब केला तेव्हा तो उलटा निघाला.

बॅटरी मात्र देखणी. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, पोटात ३.२ व्होल्टचे सोळा सेल एकामागे एक. लिथियम आयर्न फॉस्फेट नावाचं रसायन. त्याचा पहिला शोधनिबंध १९९७ सालचा, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातला, आणि त्यावरच्या तीन नावांपैकी दोन आपल्याकडची, पाढी आणि नंजुंडस्वामी. तिसरं नाव जॉन गुडइनफ. या गुडइनफना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय सत्त्याण्णव होतं. हे वाचून मला फार धीर आला. माझ्याकडे अजून छत्तीस वर्षं होती.

सोलरवाल्याने परकी बॅटरी बघून तोंड वाकडं केलं, पण लाल नि काळी जाड केबल जोडून दिली. जोडताना ‘फट्ट’ करून अशी ठिणगी उडाली की आमची ही माजघरातून देवाचं नाव घेत धावली. तो म्हणाला, घाबरू नका, इन्व्हर्टरच्या पोटातले कपॅसिटर एकदम भरले. पंखे फिरले, दिवे लागले. मग त्याने विचारलं, ‘‘कम्युनिकेशन केबल?’’ मी म्हटलं, ‘‘चाललंय की सगळं. बोलायला कशाला हवं?’’

आता हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं हे कळायला आमचं घर माहीत हवं. मूळ घरात चुलतभाऊ राहतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दादा. शेजारी माझं घर. मध्ये चार फुटांचा चिरेबंदी गडगा आणि गडग्याला लागून एक कापा फणस. बुंधा दादाच्या हद्दीत, फळं माझ्या हद्दीत. या भूगोलामुळे आम्ही दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. बाकी सगळं सुरळीत चालतं. विहीर एक, गणपती एक, पायवाट एक. निरोपही वेळच्या वेळी पोचतात. काकी इकडे येऊन म्हणते, ‘‘तेना सांगल्यान हा, पंप जरा उशिरान लाव.’’ ही गडग्यापाशी जाऊन म्हणते, ‘‘दादांना सांगा, लावला नाहीये अजून.’’ वीज वाहायला बोलणं लागत नाही, हे मी बॅटरी घेण्याच्या पुष्कळ आधीपासून प्रयोगाने सिद्ध केलं होतं.

जुलैत एका रविवारी हिचे भाऊ-भावजय यायचे होते. मालवणहून चार किलोची सुरमई आणून, तुकड्या करून फ्रीजात ठेवली. शनिवारी संध्याकाळी फांदी पडून लाईट गेली. मी हात मागे बांधून इन्व्हर्टरसमोर उभा राहिलो आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या चारही काड्या भरलेल्या बघून हिला म्हटलं, ‘‘झोप निवांत.’’ पाऊस पाच दिवस ठाण मांडून होता, पॅनेलांना ऊन दिसलेलं नव्हतं, याकडे माझं लक्ष नव्हतं. काड्या चार होत्या ना! रात्री अकराला चार. एकला पाणी प्यायला उठलो, चार. अडीचला ठक्क करून सगळं काळं झालं.

कारण असं. शिशाच्या जुन्या बॅटरीचा व्होल्ट हळूहळू उतरतो, त्यामुळे व्होल्ट बघून पोटातलं कळतं. इन्व्हर्टर तसाच शिकलेला आणि मी त्याला शिशाच्याच बॅटरीवर लावून ठेवलेला. लिथियम फॉस्फेटची तऱ्हा निराळी. ऐंशी टक्के भरलेली असो की तीस, व्होल्टात फरक जेमतेम एखादा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसासारखं. कधीही विचारा, ‘‘बरा चल्लासा.’’ खाटेवर पडेपर्यंत ‘‘बरा चल्लासा.’’ पोटात खरं किती उरलंय ते फक्त बॅटरीतल्या बीएमएस नावाच्या छोट्या मेंदूला ठाऊक असतं. तो दर सेल मोजत असतो आणि एखाद्या सेलच्या जिवावर बेतलं की विचारपूस न करता मुख्य दार लावून घेतो. त्याने ते वर सांगायचं असतं ते याच मधल्या वायरीतून. साधारण दर सेकंदाला: एवढ्याच व्होल्टपर्यंत भर, एवढाच करंट घे, पोटात इतके टक्के, अंगात ताप इतका. ती वायर मी घेतली नव्हती.

लाईट आली सोमवारी. सुरमई माडाच्या मुळाशी पुरली. मेव्हणा आधी नको म्हणाला, मग अंड्याची आमटी जेवला आणि दोनदा वाढून घेतली, त्यात जास्त टोमणा होता की पहिल्या नकारात, यावर आमचं अजून एकमत नाही. संध्याकाळी काकीमार्फत दादाचा निरोप आला: ‘‘माडाक खत बरा गावला म्हणून सांग.’’

मग मी कामाला लागलो. इन्व्हर्टरच्या यादीत बॅटरीचा प्रकार बदलून लिथियम केला. मुंबईहून आणलेली इंटरनेटची जुनी वायर दोघांच्या मध्ये लावली. तीन मिनिटांनी इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि ६१ दिसला. दहा मिनिटांनी त्याने बॅटरीशी घेणं-देणंच बंद केलं. हा त्याचा नियम. तीन मिनिटं वाट बघायची, मग बोंबलायचं, दहाव्या मिनिटाला संबंध तोडायचे. आमच्या खानदानापेक्षा पुष्कळ संयमी. मी पुन्हा प्रकार बदलून आकडे हाताने भरले आणि घर चालू केलं. पुढचे महिने माझं आयुष्य या दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत गेलं.

वायर आठ तारांची, टोकाला पारदर्शक प्लास्टिकचं बूड, त्यात आठ सोनेरी दात. पण कुठल्या दातावर काय, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. माझ्या बॅटरीत बोलण्याच्या दोन तारा ४ आणि ५ वर, इन्व्हर्टरमध्ये ६ आणि ७ वर. म्हणजे सरळ वायर लावून दोघं जन्मभर एकमेकांच्या चुकीच्या कानात बोलणार. एक टोक कापून निळी तार ६ वर आणि पांढरी-निळी ७ वर न्यायची. एवढंच तर काम! केबल टीव्हीवाल्याकडून चिमटा आणला, चष्मा पुसला, आठ तारा सरळ केल्या, नखाने दाबून ओळीत बसवल्या. दुपारच्या पडवीत पांढरी-निळी आणि पांढरी-हिरवी या सख्ख्या जुळ्या दिसतात. पहिली तीन बुडं त्यांनी खाल्ली.

चौथ्याला रंग बरोबर आले. ६१.

इथे माझा अनुभव मला नडला. टेलिफोनच्या जोडीत कुठली तार कुठल्या स्क्रूला, याने घरच्या फोनला फरक पडत नाही. उलटी लावा, सुलटी लावा, घंटी वाजते. चौतीस वर्षं वाजली. ही पद्धत मात्र मोटारगाडीतली. गाडीतल्या यंत्रांनी आपसांत बोलावं म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली, म्हणजे मी खात्यात चिकटलो त्याच साली. नाव कॅन. (काकीला कॅन म्हणजे रॉकेलचा एवढंच माहीत. ‘‘कॅन गावना नाय’’ म्हणालो तर ती तिचा घेऊन आली.) यात एका तारेचं नाव हाय, दुसरीचं लो. गप्प असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की हाय साडेतीनपर्यंत चढते आणि लो दीडवर उतरते. ऐकणारा दोन्हींतला फरक तेवढा बघतो. शेजारी पंप घरघरला तर दोन्ही तारांवर सारखाच गोंधळ होतो, फरक तसाच राहतो. फार सुंदर युक्ती आहे. पण तारांची अदलाबदल झाली की सगळंच उलटं, आणि उलटं बोललेलं या पद्धतीत कुणी ऐकून घेत नाही.

तर माझी अदलाबदल झाली होती. दात मोजायचे ते बुडाचा खटका खाली आणि टोक आपल्यापासून लांब धरून, डावीकडून. मी खटका वर धरून मोजले होते. त्यामुळे बॅटरीकडे चाराचा पाच आणि पाचाचा चार झाला. इन्व्हर्टरकडे सहा-सातचे तीन-दोन झाले. हे मला मी नव्हे, हिने दाखवलं. उसळीचे मूग निवडता निवडता, चष्म्याच्या वरून.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला व्हिडिओवर धरलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मामा, सगळं बंद करून परत चालू केलंत?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, मी काय आज जन्माला आलोय? रोज दहा वेळा करतो.’’ करत होतोच. इन्व्हर्टरचं बटण बंद, इन्व्हर्टरचं बटण चालू. त्याने आणखी काही विचारायच्या आत मी त्याला हाय-लोचं साडेतीन-दीड समजावून सांगितलं. त्याची मीटिंग लागली.

सगळ्याचा कळस गणपतीत झाला. मूळ घरचा गणपती आम्हा दोघांचा. चतुर्थीच्या संध्याकाळीच लाईट गेली. अंधारात देव बसवायचा? काकी गडग्यावरून ये-जा करून थकली आणि शेवटी तह झाला. माझ्या इन्व्हर्टरची लाईन फणसाच्या फांदीवरून दादाच्या माटवीला. देवासाठी. मखरातल्या माळा लागल्या, पोरं ओरडली, आणि मला मोह झाला. त्याच दुपारी खटका खाली धरून केलेली नवीन वायर तयार होती. सगळी भावकी जमलीय, आज पेट्या बोलल्या तर काय बहार! आरती सुरू व्हायच्या आधी मी हळूच घरी येऊन प्रकार लिथियम केला, वायर लावली आणि टाळ घेऊन गर्दीत उभा राहिलो.

आमच्याकडच्या आरत्या काही पाच मिनिटांत आटपत नाहीत. दुसरी आरती रंगात आली आणि गडग्यापलीकडून पीं-पीं सुरू झालं. लहान पोरांना वाटलं नवीन झांज. मी टाळ जोरात बडवून ते झाकायला बघितलं. पडवीकडे धावायचं तर पुढच्या ओळीतून उठावं लागणार आणि भर आरतीतून उठायचं कसं? मनातल्या मनात मिनिटं मोजत राहिलो. देवीच्या आरतीच्या मधोमध दहावं मिनिट भरलं.

अंधार. समई तेवढी तेवत होती. कुणीही काही बोललं नाही, हे जास्त वाईट. आरत्या समईच्या उजेडात पुऱ्या झाल्या आणि घरातला थोरला म्हणून दादा गाऱ्हाणं घालायला पुढे झाला. तो माझ्याशी बोलत नाही, पण देवाशी बोलायला त्याला कोण अडवणार?

‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळे.

‘‘आज तुझी सगळी लेकरां हंय एकठय जमली हत. त्येतूरलो एक झील चौतीस वर्सां मुंबैत ऱ्हवान घराक इलो.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तेना दोन पेटयो हाडल्यान. पैसो गेलो, सुरमय गेली, आज तुझ्या म्होरचो उजेड गेलो, पण पेटयो काय बोलणत नाय.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आता सगळ्यांच्या आवाजात हसू.

‘‘तेका जी काय बुद्धी कमी पडली आसात ती दी, नायतर हट तरी कमी कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ हा आवाज मी ओळखला. ही माझ्या शेजारीच उभी होती.

‘‘आणि देवा, फणस कोणाचो ता तुका ठावक आसा!’’

इथे अर्धी भावकी ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणाली आणि अर्धी खोकली.

त्यानंतर मी ईर्षेला पेटलो. वायर आता शंभर टक्के बरोबर होती. मल्टिमीटरने मोजली. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो, त्यामुळे यंत्रं बंद ठेवून दोन तारांमध्ये मोजलं की ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक ऐकतच नाही असं समजायचं. मला १२० आले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर दिसलं की बॅटरीला सारखी दिसणारी तीन भोकं आहेत. एक इन्व्हर्टरसाठी, बाकीची दुसऱ्या बॅटऱ्यांसाठी आणि कारागिरासाठी. मी इतके दिवस तिला दुसऱ्या बॅटरीशी बोलायच्या भोकातून इन्व्हर्टरशी बोलायला लावत होतो. वायर योग्य भोकात गेली, काटा ६० वर आला. मला वाटलं संपलं. चालू केलं. तीन मिनिटं. पीं-पीं. ६१.

उरली ती डिप स्विच नावाची चार बटणं, तांदळाच्या दाण्याएवढी. ती वर-खाली करून बॅटरीला सांगायचं की तू एकटी आहेस, तुझा क्रमांक अमुक आणि या घरात अमुक भाषा बोलायची. चार बटणांच्या जुळण्या सोळा. मी वहीत सोळा ओळी आखल्या, हिच्या केसातली पिन घेतली आणि पडवीत पालथा पडून एकेक जुळणी करून बघितली. प्रत्येकीला दहा मिनिटं. सोळाच्या सोळा ओळींपुढे मी ६१ लिहिलं. मग कंटाळून पुस्तिकेत छापलं होतं तशी बटणं ठेवून दिली. पुस्तिकेत छापलेलं सगळ्यात शेवटी करून बघायचं, हा आमच्या खात्यातला शिरस्ता. बॅटरीच सदोष निघाली असं मी जाहीर केलं. तिठ्यावर सहानुभूती मिळाली, पण बॅटरीला.

मार्गशीर्षात गावपळण आली. बाहेरच्यांसाठी सांगतो. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की आख्खं आचरा गाव सोडतं. तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं. माणसांबरोबर गुरं, कोंबडी, कुत्री, मांजरं सगळी. गावात जीव म्हणून राहू द्यायचा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देव हो म्हणाला तर परत. घरावर असतात ती कौलं आणि देवळात मिळतो तो कौल. आमच्या गावात दुसऱ्याच्या जोरावर पहिल्याखालून निघायचं असतं.

निघायच्या सकाळीसुद्धा मी राहवेना म्हणून एकदा प्रकार लिथियम करून बघितला. ६१. तेवढ्यात काकी पिंजऱ्यात कोंबडी घेऊन आली आणि बॅटरीसमोर थबकली. बॅटरीच्या तोंडावरचे हिरवे दिवे एकामागून एक लुकलुकत होते.

‘‘ह्या लुकलुकता ता काय रे?’’

‘‘काय नाय काकी, चालू आहे ती.’’

‘‘म्हणजे जीव आसा तिच्यात. हंय ठेवन चलाचा नाय. वांगडा घेवा, नायतर मारून टाका.’’

मी हसलो. पन्नासेक किलोचं धूड झोपडीत नेऊ? ही हसली नाही. तिची बंद करण्याची रीत पहिल्यापासून वेगळी आहे. टीव्ही ती रिमोटने बंद करत नाही, भिंतीवरचं बटण आणि वर प्लग. तिने इन्व्हर्टर बंद केला, पॅनेलांचा खटका खाली ओढला, जाड केबलचा ब्रेकर पाडला. बॅटरी तरी लुकलुकतच होती. तिची वीज तिच्या पोटातच, बाहेरून तोडून ती कशी मरणार? मग ही खाली बसली, बॅटरीच्या तोंडावरचं काळं बटण शोधलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. सोडलं नाही. मी म्हटलं, ‘‘अगं, ते दाबू नकोस, मी कधी दाबलेलं नाहीये.’’ एकेक दिवा विझत गेला. शेवटचा विझल्यावर काकीने मान हलवली आणि कोंबडी घेऊन निघाली.

तीन दिवस वेशीबाहेर फार सुखाचे गेले. आमच्या दोन्ही घरांची झोपड्यांची जागा बापजाद्यांपासून एकच. मध्ये गडगा नाही, फणस नाही. रात्री भजन झालं, पत्ते झाले. मी आणि दादा एकाच डावात होतो. बोलायची गरज नव्हती, पानं टाकायची होती. पीं-पीं नव्हतं. इतकी गाढ झोप मला जूनपासून लागली नव्हती.

चौथ्या दिवशी कौल झाला. तिन्हीसांजेला घरी आलो. लाईट नव्हती, कुठे काय अडकलं होतं कुणास ठाऊक. ज्या क्रमाने बंद केलं त्याच्या उलट्या क्रमाने हिने चालू केलं. आधी काळं बटण, मग ब्रेकर, मग इन्व्हर्टर. दिवे लागले. प्रकार लिथियमवरच राहून गेला होता, हे लक्षात येऊन मी घड्याळ लावून उभा राहिलो. एक मिनिट. दोन. तीन. पीं-पीं नाही. चार. पडद्यावर जिथे ६१ यायचा तिथे ७४ आला आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. पोटात चौऱ्याहत्तर टक्के. पहिल्यांदाच कुणीतरी मला खरं सांगत होतं. दहा मिनिटं झाली तरी मी हललो नाही. अकराव्या मिनिटाला ७३ झालं, तेव्हा विश्वास बसला.

भाच्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकलं.

‘‘मामा, बॅटरी बंद केली होती का कधी? नुसता इन्व्हर्टर नाही, बॅटरी.’’

‘‘तुझ्या मामीने केली. आताच. गावपळणीला.’’

‘‘मग बरोबर. डिप स्विच ती फक्त सुरू होताना वाचते. तुम्ही सप्टेंबरात जे केलंत ते तिने आज वाचलं.’’

म्हणजे वहीतल्या सोळा ओळी मी सोळा वेळा एका झोपलेल्या बाईच्या पायाशी ठेवल्या होत्या. भाचा आणखी काहीतरी म्हणाला, बहुधा ‘मी पहिल्याच दिवशी’ अशी सुरुवात होती. मी रेंज गेल्याचं नाटक केलं. ही तोवर फ्रीज पुसत होती.

मी खळ्यात आलो. गावात अजून काळोख होता, माझ्याच पडवीत उजेड. गडग्यापलीकडे दादा कंदील हातात घेऊन उभा. उजेडाकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे.

‘‘बोलूक लागली काय रे?’’

मी दाराकडे वळलो आणि हिला हाक मारली.

‘‘दादाला सांग,’’ म्हटलं, ‘‘लागली म्हणून.’’